कूलर बंद करून

हिंगण्याच्या आमच्या शेडमध्ये
केबिनचा कूलर बंद झाला
की लेथवरच्या पोरांना कळतं,
आत कुणाची तरी पाळी आहे.
नवतप्यात, सेहेचाळीस डिग्रीत,
उगाच कोण कूलर बंद करतं?
पण तो चालू असला की
माणसाचं माणसाला ऐकू येत नाही,
ओरडावं लागतं,
आणि ओरडून जे बोलता येतं
ते मी एकदा बोलून पाहिलंय.

आज उकेजी.
पन्नास बुशिंगचं तपासणीपत्रक,
पन्नास ओळींत एकच आकडा,
पेन न उचलता लिहिल्यासारखा.
ज्यांनी मला मायक्रोमीटर धरायला शिकवला,
"पोरी, पिळू नको, कोणाचा कान आहे का तो?"
त्यांना आता मी
समोरच्या खुर्चीत बसवायचं.

चलानच्या पाठीवर वाक्यं लिहून ठेवली होती.
पुण्याहून आलेल्या ट्रेनरने सांगितलं होतं,
आधी चांगलं बोला, मग मुद्द्याचं,
मग जाता जाता पुन्हा चांगलं.
मी म्हटलं, उकेजी, तुमचा अनुभव म्हणजे...
ते म्हणाले, "मॅडम,
गोळी कडूच आहे ना, मंग द्या सरळ.
गूळ कायले लावून राहिल्या?"

(पोरीची मॅडम कधी झाली
याची तारीख माझ्या बढतीच्या पत्रावर आहे.)

मी चलान उलटं केलं.
"हे मोजलेत का?"
एवढंच विचारलं, आणि गप्प बसले.
वाळ्याच्या जाळीतून पाणी टपकत होतं.
अकरा थेंब मोजले.
बाराव्याला तोंडाशी आलं,
असू द्या, यापुढे जरा बघा,
ते गिळलं. घशाला लागलं.

"नाही मोजले," उकेजी म्हणाले.
"एकतीस वर्षं झाली, मॅडम.
हातात घेतला का समजते मले.
मशीन काय नवं सांगून राहिली?"
घमेंड होती त्यात,
आणि ती खोटी नव्हती, हीच पंचाईत.

मी म्हटलं, तुमच्या हाताला कळतं, मला माहीत आहे.
पण तुमच्या शेजारी ती आकांक्षा बसते,
तीन महिन्यांची ट्रेनी.
काल तिनेही पन्नास ओळी
एका आकड्याने भरल्या.
तिच्या हाताला अजून काहीच कळत नाही.

उकेजींनी दुपट्ट्याने मान पुसली,
मग चष्मा, मग पुन्हा मान.
"त्या पोट्टीनं?"
खूप वेळाने.
"माह्यं पाहून?"

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

मग ठरलं ते ठरलं:
सोमवारपासून पहिले दहा नग दोघांनी मिळून मोजायचे,
आजचे पन्नास आजच पुन्हा.
ते लिहून घेतलं, सही झाली.
कुणी कुणाच्या पाठीवर हात ठेवला नाही.
उठताना त्यांनीच कूलरचं बटण दाबलं,
"बाहेरच्यायले समजू द्या, जित्ता हाव म्हणून."

कूलर सुरू झाला
तसा कपाटावरचा डबा वाजायला लागला.
पीयूष मोटघरेचा, दोन वर्षांपासून तिथेच.
त्याला मी मशीनवर बोलले होते, सगळ्यांदेखत,
घड्याळ बघत, ट्रकला उशीर होत होता म्हणून.
माझं एकही वाक्य चुकीचं नव्हतं,
आजही तपासून पाहते मी, एकही नव्हतं.
जेवणाच्या सुट्टीत तो गेला,
डबा न घेता.

उकेजी दारात थांबले, वर पाहिलं.
"वाडीले राहते तो. माह्या घराच्या मागंच.
द्या, रविवारी देऊन देतो."

डबा मी खाली काढला.
त्यांच्या हातात मात्र दिला नाही.
"पत्ता सांगा," म्हटलं.

त्यांनी सांगितला.
कूलरच्या आवाजात
मला दोनदा विचारावा लागला.